सात खोटे काटे

काटासाहेबांनी चार महिन्यांत सात वजनकाटे खोटे ठरवले. पहिला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातला. तिथे त्यांचं वजन सत्तर भरलं, तेव्हा त्यांनी दुकानदाराला काउंटरबाहेर बोलावून काटा जमिनीला समांतर नसल्याचं दाखवून दिलं. दुसरा व्यायामशाळेतला. तो अडुसष्ट म्हणाला, म्हणजे त्याची स्प्रिंग थकलेली. तिसरा मेहुण्याच्या न्हाणीघरातला, चौथा धान्याच्या दुकानात पोत्यांसाठी ठेवलेला, असं करत करत सातवा पोटाच्या डॉक्टरांचा. तो एकसष्ट म्हणाला. डॉक्टरांच्या तोंडावर त्यांचा काटा खोटा म्हणणं बरं दिसत नाही म्हणून साहेब तिथे नुसते हसले आणि घरी येऊन म्हणाले, "एवढा शिकलेला माणूस, पण काटा बघ कसला ठेवलाय."

त्यांच्या बोलण्याला वजन होतं, कारण तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी किती दुकानदारांना रडवलं याची गणती नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहिलं की आपली वजनं फडक्याने पुसून घ्यायची. काटासाहेब हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडत होतं.

त्यांच्या बायकोला सगळे शिवणबाई म्हणत. मुलींच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं शिवण शिकवलं होतं. आणि सातही काटे खरे आहेत हे शिवणबाईंना पक्कं ठाऊक होतं.

कारण साहेबांच्या पँटी त्याच आत घेत होत्या. पट्टा लावणं साहेबांना कमीपणाचं वाटे. नीट मापाने शिवलेल्या पँटीला पट्टा लागत नाही, असं त्यांचं तत्त्व. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी ते आरशासमोर कंबरेशी पँट मुठीत धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की शिवणबाईंना तो बघवला नाही. साहेबांचे थोरले भाऊ असेच गेले होते. आधी वजन गेलं, मग भूक गेली, मग भाऊ गेले. त्या दुपारी साहेब झोपल्यावर शिवणबाईंनी तिन्ही पँटी मागच्या शिवणीतून दोन बोटं आत घेतल्या. चार दिवस धीर मिळेल एवढाच हेतू होता. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन बोटं. शर्टांच्या कॉलरची बटणंही सरकवली. हात असा सफाईदार, की शाळेतल्या तपासनीसांनाही टाका सापडला नसता, मग नवऱ्याला काय सापडणार.

पण झालं भलतंच. साहेबांच्या हातात पुरावा आला. "वजन उतरलं असतं तर पँट सैल झाली असती की नाही?" ते ज्याला त्याला विचारायचे. "माणूस खोटं बोलेल, काटा खोटं बोलेल. पँट काही लाच खात नाही." आणि शिवणबाई भाजी निवडता निवडता मान खाली घालायच्या.

पोटाचे डॉक्टर मात्र पँटीकडे बघायला तयार नव्हते. जेवण दोन घासांवर आलंय, वजन उतरलंय, घरात आजार होऊन गेलाय, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पोट आतून बघायलाच हवं, आणि तेही महिन्याच्या आत, असं त्यांनी बजावलं. घशावर औषधाचा फवारा मारून काम होईल असं त्यांना वाटलं होतं. ते त्यांना चांगलंच महागात पडलं. नळी जिभेच्या पलीकडे जाते न जाते तोच साहेबांनी डॉक्टरांचं मनगट असं धरलं, की खोटं वजन सापडलेला दुकानदारही एवढा पकडला गेला नसेल. नळी बाहेर आली. डॉक्टर मनगट चोळत म्हणाले, "यांना गुंगी देऊनच करावं लागेल. आमच्या भुलीच्या डॉक्टरांना भेटा."

गुंगी हा शब्द इमारतीत पोचायला अर्धा तास लागला. तळमजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहत. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात बाटल्या भरल्यामुळे त्यांना वैद्यकातलं सगळं येत होतं, फक्त डॉक्टर तेवढे नव्हते. ते संध्याकाळी खुर्ची घेऊनच वर आले.

"गुंगीत माणूस बोलतो," त्यांनी सांगितलं. "पोटातलं सगळं बाहेर काढतो. आमच्याकडे एकाने बायकोसमोर तीन नावं घेतली होती."

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा बसला होता.

"आणि एक लक्षात ठेवा. औषध वजनावर देतात. तुम्ही जेवढं वजन सांगाल तेवढं औषध. तेव्हा कमी सांगा."

यावर वरच्या मजल्यावरच्या वकीलीणबाई, ज्या खरं तर साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी हरकत घेतली. "कमी सांगितलं आणि मध्येच जाग आली तर? नळी आत असताना? जास्तच सांगावं माणसाने. आणि कुठल्याही कागदावर सही करू नका, भाऊ. नंतर आपल्याला काही बोलता येत नाही."

"झोपेच्या गोळीचंही बोलू नका," कंपाउंडर खुर्ची पुढे ओढत हळूच म्हणाले. ती गोळी साहेबांना तेच आणून देत असत, रोज अर्धी. "उगाच फाटे फोडतात."

अशा रीतीने कमी सांगावं, जास्त सांगावं आणि काहीच सांगू नये, असे तीन सल्ले मिळाले. शिवणबाईंना तिथेच रडू येत होतं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की हा माणूस त्या टेबलावर आडवा व्हावा आणि कोणीतरी त्याच्या पोटात बघून काय ते सांगावं. पण त्यांच्या घरात साधं काम साधेपणाने कधी झालं नव्हतं.

पहिली तारीख चहाने खाल्ली. सकाळपासून पोटात काही नको, असं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. साहेबांनी जिन्यात कंपाउंडरना विचारलं. चहा म्हणजे पाणीच, असा त्यांनी निर्वाळा दिला. तिथे अर्धा कप दुधाचा चहा झाला आणि वर एक बिस्कीट, कारण नुसता चहा त्यांना बाधतो. रुग्णालयात भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर साहेबांनी ते प्रामाणिकपणे सांगितलंही.

"मग आज नाही," त्या म्हणाल्या. बुटक्याशा, चष्म्याला दोरी लावलेल्या बाई. आवाज कधी चढायचा नाही. "गुंगीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर तुम्हाला खोकताही येणार नाही."

"एका बिस्किटासाठी?"

"अर्ध्यासाठीसुद्धा."

साहेबांचा जीव त्या बाईंवर एकदम जडला. नियमाला असं चिकटून बसणारं माणूस त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच भेटत होतं. येताना ते सारखे म्हणत होते, "याला म्हणतात काम." शिवणबाईंना त्या कौतुकाने आणखीच खचल्यासारखं झालं. आठवडा गेला होता.

दुसऱ्या तारखेला पोट रिकामं होतं. साहेब तरातरा आत गेले, अर्ज भरायला बसले आणि वजनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, चौऱ्याहत्तर. ते त्यांच्या सेवापुस्तकातलं वजन होतं, सरकारी शिक्क्यानिशी नोंदवलेलं. झोपेच्या गोळीच्या रकान्यात त्यांनी रेघ मारली.

डॉक्टरीणबाईंनी अर्जाकडे पाहिलं, मग साहेबांच्या गळ्याकडे, मग पुन्हा अर्जाकडे. "चौऱ्याहत्तर?"

"हो."

"कोपऱ्यात काटा आहे. जरा उभे राहता का त्याच्यावर?"

साहेब काट्यापाशी गेले. पण वर चढले नाहीत. ते खाली बसले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काट्याची मागची बाजू पाहिली आणि पुढचं शिवणबाईंनी तिथेच ओळखलं, कारण नवऱ्याची ती वाकलेली पाठ त्यांनी तीस वर्षं पाहिली होती.

"पडताळणीचा शिक्का दोन वर्षांपूर्वी संपलाय," साहेब उठत म्हणाले. "हा काटा कायद्याने काटाच नाही."

"ठीक आहे, वॉर्डात दुसरा आहे."

दुसऱ्यावर शिक्काच नव्हता. तिसरा बाळांचा होता, त्यावर साहेब मावत नव्हते. शिवणबाईंनी पर्समधून चिठ्ठ्या काढल्या. सातही काट्यांच्या, तारखांसकट. "मॅडम, या बघा. शेवटचे आकडे एकसष्टच्या आसपासच आहेत."

"ते सातही काटे खोटे आहेत," साहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्या चाळल्या. "सातही? आणि सगळे एकाच बाजूला?"

"अशा टोळ्या असतात," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तुम्हाला कल्पना नाही. आणि शिवाय माझी पँट बघा."

शिवणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी औषध थोडं थोडं देते, बोटाला यंत्र लावते, श्वासावर नजर ठेवते. पण सुरुवात कुठून करायची ते मला कळायला हवं. चौऱ्याहत्तर किलोच्या माणसाला पुरतं ते एकसष्टच्या माणसाला जास्त होतं. जास्त झालं की श्वास मंदावतो, कधी थांबतो. आणि या अर्जाखाली तुम्हाला सही करायची आहे, की वरची माहिती खरी आहे. मी एकसष्ट लिहिलं तर कराल?"

"खोट्या काट्यावर मी सही करणार नाही."

"आणि चौऱ्याहत्तरवर मी औषध देणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे अत्यंत आदराने पाहिलं. शिवणबाईंना वाटलं, या दोघांना एका खोलीत कोंडून आपण गावी निघून जावं.

एवढ्यावर थांबते तरी बरं झालं असतं. पण सवय वाईट. साहेबांनी केसपेपरच्या पाठीमागे सराईत हाताने पंचनामा लिहिला. काटे तीन, शिक्के शून्य, साक्षीदार दोन. आवाज ऐकून रुग्णालयाचे व्यवस्थापक धावत आले. त्यांनी पंचनाम्याची भाषा वाचली, ते घामाघूम झाले आणि सही करून मोकळे झाले. पाच मिनिटांत तिन्ही काट्यांना चिकटपट्टी लावून ते कपाटात गेले. पडताळणी होऊन शिक्का मिळेपर्यंत रुग्णालयात कोणाचंही वजन करायचं नाही, असा व्यवस्थापकांनी हुकूम काढला. साहेबांची तारीख अर्थातच रद्द झाली. घरी परतल्यावर इमारतीखालच्या बाकावर बसलेल्या लोकांनी कारण विचारलं तेव्हा शिवणबाईंनी सांगितलं की डॉक्टर रजेवर आहेत.

वजनमापे कार्यालयात शिवणबाई स्वतः गेल्या. रुग्णालयाचा अर्ज तिथे पोचला होता. साहेबांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेले नवे निरीक्षक बसत. ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं केलं. फक्त काम तेवढं करेनात.

"वहिनी, अर्ज तीन प्रतींत हवा. एकच आलाय."

"मी दोन लिहून देते. तुम्ही उद्या जाल का?"

निरीक्षकांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत साहेबांच्या सुवाच्य अक्षरात एक सूचना लावली होती. कोणताही काटा अर्जाच्या क्रमानेच तपासावा. दहा कामाचे दिवस. ओळखीच्या माणसाचं काम आधी करणाऱ्याने या खात्यात राहू नये.

"अहो, पण हे त्यांचंच काम आहे," शिवणबाई म्हणाल्या. "त्यांच्याच पोटाचं."

निरीक्षकांनी आवाज खाली आणला. "वहिनी, खरं सांगा. साहेबांनी मला तपासायला तुम्हाला पाठवलंय ना? मागे एकदा त्यांनी असंच स्वतःच्या मावशीला पाठवलं होतं. मी काम आधी केलं आणि सहा महिने मला शिक्के मोजायला बसवलं."

शिवणबाईंनी खूप सांगून पाहिलं. जितकं त्या डोळ्यांत पाणी आणून सांगत, तितकी निरीक्षकांची खात्री पटत गेली की परीक्षा कडक आहे. शेवटी दहाव्या दिवसाची तारीख घेऊन त्या जिना उतरल्या. तीस वर्षं नवऱ्याने इमानदारीने नोकरी केली म्हणून माहेरी केवढं कौतुक होत आलं होतं. आज त्या इमानदारीची भिंत झाली होती, आणि ती ओलांडून नवऱ्यापर्यंत पोचायला कुठे दारच नव्हतं.

तिथून त्या घरी गेल्या नाहीत. रुग्णालयात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर पाऊण तास बसून राहिल्या. आत गेल्यावर त्यांनी खुर्चीच्या कडेला टेकून सगळं सांगितलं. दोन बोटं, मग आणखी दोन बोटं. बटणं. झोपेची अर्धी गोळी. थोरले दीर. सांगताना त्या पर्सची चेन उघडत होत्या, मिटत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "गोळीचं सांगितलंत ते फार बरं केलंत. ती आणि माझं औषध एकमेकांवर चढतं. हे मला टेबलावर कळलं असतं तर धावपळ झाली असती."

"आणि पँटीचं?"

"ते मला सांगून उपयोग नाही, बाई. काटा दहा दिवसांनी येईल, तो एकसष्टच सांगेल, आणि ते त्यालाही खोटं म्हणतील. पँट आहे ना अंगावर."

शिवणबाई घरी आल्या. नऊ दिवस त्या तोंड उघडायचं ठरवत होत्या आणि नऊ दिवस तोंडातून "चहा ठेवू का" एवढंच निघत होतं. साहेब त्या नऊ दिवसांत आणखी एक घास कमी जेवू लागले. दहाव्या दिवसाच्या आदल्या दुपारी ते झोपले असताना शिवणबाईंनी शिवणाची पेटी काढली, तिन्ही पँटी मांडीवर घेतल्या आणि चार महिन्यांचे टाके एकेक करून उसवले. आयुष्यात त्यांनी एवढं वाईट काम केलं नव्हतं. दोरे ओढून काढले, शिवण इस्त्रीने सपाट केली आणि पँटी होत्या तशा खुंटीला लावल्या.

सकाळी साहेबांनी पँट चढवली, हुक लावला, शर्ट खोचला आणि कंगव्यासाठी हात वर केला. पँट खाली घोट्यांवर आली.

ते तसेच उभे राहिले. मग वाकून त्यांनी ती वर घेतली, हुक तपासला, पुन्हा सोडली. पुन्हा घोट्यांवर. दुसरी पँट काढली. तिसरी काढली. शिवणबाई दारात उभ्या होत्या. साहेबांनी तिसऱ्या पँटीची मागची शिवण उलटी करून उजेडात धरली. इस्त्री केली तरी जुन्या टाक्यांची भोकं कापडात राहतातच. आणि साहेब काही झालं तरी निरीक्षक होते.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"चार."

"दर वेळी किती?"

"दोन बोटं."

"बोट हे माप नाही," साहेब म्हणाले. त्यांनी कपाटातून टेप काढली, कंबरेला लावली, मग पँटीला लावली, आणि पलंगावर बसले. "तेरा सेंटिमीटर."

"अहो, मला वाटलं तुम्हाला धीर येईल."

"तीस वर्षं मी लोकांची दुकानं झडत्या घालून तपासली," साहेब पँटीकडे बघत म्हणाले. "माझं घर राहिलं."

ते ओरडले असते तर शिवणबाईंना सोसलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी टेप नीट गुंडाळून कपाटात ठेवली. शिवणबाईंनी सुई-दोरा आणला. "द्या, पाच मिनिटांत घेते आत."

"नको. आहे त्या मापात जाऊ."

आणि ते तसेच निघाले, डाव्या हाताने कंबर मुठीत धरून. जिन्यात कंपाउंडरनी सुप्रभात म्हणून हात पुढे केला, पण साहेबांना हात मोकळा नव्हता.

रुग्णालयात नवे निरीक्षक आपल्या पितळी वजनांची पेटी घेऊन वेळेवर हजर होते. वीस किलोची वजनं साहेब एके काळी एका हाताने उचलून काट्यावर ठेवत. आज ते बाजूला उभे राहिले. वीस ठेवलं, वीस. चाळीस ठेवलं, चाळीस. साठ ठेवलं, साठ. काटा एका केसानेही चुकत नव्हता. शिक्का संपला होता, पण काटा दोन वर्षं खरंच सांगत होता. निरीक्षकांनी नवा शिक्का मारला आणि भीत भीत विचारलं, "साहेब, बरोबर झालं ना?"

"उत्तम," साहेब म्हणाले आणि पँट धरूनच काट्यावर चढले.

आकडा त्यांनी स्वतः वाचला. "साठ किलो दोनशे. लिहा, डॉक्टर. आणि झोपेची गोळी, रोज अर्धी, दीड वर्षं. काल घेतली नाही." मग त्यांनी अर्जाखाली सही केली. ती सही शिवणबाईंना फार बारीक वाटली.

निरीक्षकांनाही तपासणी अहवालावर तक्रारदाराची सही हवी होती. ते कागद काढेपर्यंत साहेबांच्या हातात गुंगीच्या औषधाची सुई गेली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला केला. "आता उद्या दुपारी बारापर्यंत नाही. औषध डोक्यातून पूर्ण उतरायला चोवीस तास धरायचे. तोवर सही नाही, गाडी नाही, कसला निर्णय नाही. बोलतील शहाण्यासारखं, पण ते धरायचं नाही, त्यांच्या लक्षातच राहत नाही. म्हणून तर मी सोबत माणूस मागते. तुम्ही ऐकायचं, बाई. त्यांच्या वाटचं."

दुर्बीण आत जाऊन बाहेर यायला वीस मिनिटंही लागली नाहीत. यासाठी महिना गेला होता. शिवणबाईंना बोलावलं तेव्हा साहेब खाटेवर उशाला टेकून बसले होते, बोटाला यंत्राचा चिमटा, डोळे उघडे. पोटाचे डॉक्टर स्टुलावर बसले.

"पोटाच्या खालच्या तोंडाशी गाठ आहे," ते म्हणाले. "तुकडा तपासायला पाठवलाय. पण मला ती साधी वाटत नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पसरली आहे का ते स्कॅन केल्यावर कळेल. पसरली नसेल तर ऑपरेशन करता येईल."

"उशीर झाला का?" साहेबांनी विचारलं. आवाज अगदी स्वच्छ होता.

डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं. "चार महिन्यांपूर्वी आला असता तर मी जास्त खात्रीने बोललो असतो."

शिवणबाईंनी खाटेचा दांडा धरला. डॉक्टर गेल्यावर साहेबांनी चिमटा लावलेला हात त्यांच्या हातावर ठेवला. "तुझा काही दोष नाही गं," ते म्हणाले. "मलाही ठाऊक होतं. सात काटे काय एकदम खोटे असतात? तू दोन बोटं आत घ्यायचीस आणि मी ती घालून मिरवायचो. रडू नकोस." एवढं सरळ ते छत्तीस वर्षांत बोलले नव्हते. मग त्यांनी डोळे मिटले, आणि शिवणबाई खाटेच्या दांड्यावर कपाळ टेकून पोटभर रडल्या.

घरी आणल्यावर ते दुपारभर झोपले. उठले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं, खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "झालं का? की आजही परत पाठवलं?"

"झालं."

"मला सुई टोचलेली आठवते. पुढचं काही नाही. डॉक्टर भेटले का? काय म्हणाले?"

शिवणबाई पलंगाच्या कडेला बसल्या. शेवटचं वाक्य सोडून देता आलं असतं. गाठ आहे, स्कॅन करायचं आहे, ऑपरेशन होईल, एवढं सांगितलं असतं तर त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि उरलेलं ऐकणारं दुसरं कोणी त्या खोलीत नव्हतंच. त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते.

त्यांनी गाठ सांगितली. ती साधी वाटत नाही हे सांगितलं. आणि चार महिन्यांपूर्वी आलो असतो तर, हेही डॉक्टर म्हणाले तसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी खुंटीवरच्या पँटीकडे पाहिलं. "चार महिने," ते म्हणाले. "म्हणजे तू पहिल्यांदा आत घेतलीस तेव्हाच." आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

त्यांची पाठ शर्टातून बरगड्यांसकट दिसत होती. यावर तुम्ही काय म्हणालात ते सांगू का, असं शिवणबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते औषधात बोललेलं. धरायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि आता या घरात बिनशिक्क्याचं काही चालवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी पांघरूण साहेबांच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांचं बोलणं धरता येईल त्या उद्या दुपारी बाराला अजून जवळजवळ एकोणीस तास होते.